नको असलेला वायू

पहिला मोठा पाऊस होऊन विहिरींचे पाणी गढूळले की ग्रामपंचायतीचा कर्मचारी सायकलीला पिशवी अडकवून वाडीवाडीतून फिरू लागतो. पिशवीत टी.सी.एल. पावडर असते. बादलीत ती कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी विहिरीत ओतायची, हे काम तो वर्षानुवर्षे करीत आला आहे. पुढचे दोन दिवस चहाला औषधाची चव येते, म्हणून घराघरांतून थोडी कुरकुर होते आणि मग सारे विसरून जातात. ज्या पाण्याने आपण मुलांना कावीळ आणि हगवणीपासून वाचवतो, त्यातील या पांढऱ्या पुडीचा पूर्वेतिहास मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो. एकेकाळी जो वायू कुणालाच नको होता, ज्याने शेते जाळली आणि माणसांचे दात खाल्ले, त्या वायूपासून ही पावडर कित्येक दशके तयार होत असे. त्या वायूची कथा आज सांगावीशी वाटते. ती परदेशातील आहे आणि जुनी आहे. पण तिचे एक टोक आपल्या धर्मग्रामांतील काही घरांपर्यंत येऊन पोचले आहे, म्हणून हा खटाटोप.

रसायनशास्त्राशी माझा संबंध बारावीपर्यंतचा. पुढे सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो. तेव्हा जाणकार वाचकांनी माझ्या मांडणीतील साधेपणा चालवून घ्यावा.

अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात सोड्याचा तुटवडा पडला. साबण, काच आणि कापड या तिन्ही धंद्यांना सोडा लागे, आणि तो मिळे समुद्रकाठच्या वनस्पतींच्या राखेतून. फ्रान्समध्ये निकोलास लब्लाँ नावाच्या वैद्याने साध्या मिठापासून सोडा करण्याची रीत शोधली आणि १७९१ मध्ये तिचे एकस्व मिळवले. क्रांतीच्या धामधुमीत त्याचा कारखाना गेला, हक्कही गेला, आणि १८०६ मध्ये त्या बिचाऱ्याने दारिद्र्यात स्वतःच आपले जीवन संपवले. रीत मात्र जगली. प्रथम मिठावर गंधकाम्ल ओतून ते तापवायचे. त्यातून जो घनपदार्थ उरतो तो चुनखडी आणि कोळसा यांच्याबरोबर भट्टीत भाजायचा. आणि त्या काळ्या राखेतून पाण्याने सोडा धुऊन काढायचा. एवढीच कृती. पण पहिल्याच पायरीला मिठातून हायड्रोजन क्लोराइड नावाचा वायू सुटतो. आठ टन सोडा करावा तर सुमारे साडेपाच टन हा वायू बाहेर पडे, आणि शेवटी सात टन दुर्गंधीयुक्त चिखल हाती राही. उपयोगी मालापेक्षा निरुपयोगी ऐवजच अधिक, असा हा व्यवहार.

इंग्लंडमध्ये मिठावरील जबर कर उतरल्यावर जेम्स मस्प्रॅट या उद्योजकाने १८२३ मध्ये लिव्हरपूल येथे ही रीत मोठ्या प्रमाणावर सुरू केली. हा वायू हवेतील ओलाव्याशी मिसळला की त्याचे पांढरे धुके होते, आणि ते धुके म्हणजे शुद्ध आम्ल. कुंपणाची झुडपे वाळली, झाडे खराटे झाली, कुलपे आणि अवजारे गंजली. लोकांनी तक्रारी केल्या. मस्प्रॅटने मग जोसायस गॅम्बल या भागीदाराबरोबर १८२८ मध्ये सेंट हेलेन्स येथे कारखाना काढला. हा गॅम्बल मूळचा आयर्लंडमधील प्रेस्बिटेरियन पंथाचा दीक्षित धर्मसेवक. उपदेशपीठ सोडून तो भट्टीकडे वळला होता. माझ्यासारख्याला या माणसाविषयी कुतूहल वाटल्याखेरीज राहत नाही. संत हेलेनाच्या नावाच्या त्या गावावर पुढची कित्येक दशके आम्लाचे धुके तरंगत राहिले, हेही सांगून टाकतो.

यावर पहिला उपाय सुचला तो उंच धुराड्याचा. वायू उंच सोडला तर तो पांगेल, विरळ होईल आणि कुणाला बाधणार नाही, अशी अटकळ. ग्लासगो येथील टेनंट यांच्या कारखान्याने १८४२ मध्ये ४३५ फूट उंचीचे धुराडे बांधले. माझ्या चर्चचा मनोरा त्याच्या पायथ्याशी खेळण्यासारखा दिसला असता. वायू पांगला खरा, पण तो खाली उतरलाच, एवढेच की दुसऱ्याच्या शेतात. पूर्वी भरपाई कुणाकडे मागायची हे शेतकऱ्याला ठाऊक असे. आता चार धुराड्यांपैकी कोणत्या धुराड्याने आपला गहू जाळला हे न्यायालयात सिद्ध करणे त्याला अशक्य झाले. धुराडे जितके उंच, तितका जाब विचारणारा दूर. मस्प्रॅटवर लिव्हरपूलमध्ये १८३८ साली उपद्रवाचा आरोप सिद्ध झाला, पण असे निकाल विरळाच लागत.

आता यातील चमत्कारिक भाग सांगतो. या वायूला पकडण्याचा उपाय दोन वर्षांपूर्वीच, म्हणजे १८३६ मध्ये, सापडलेला होता. विल्यम गॉसेज हा सोड्याचा कारखानदार वुस्टरशायरमधील स्टोक प्रायर येथे राहत असे. त्याने एका पडक्या पवनचक्कीच्या मनोऱ्यात काटेरी झुडपे आणि काटक्याकुटक्या ठासून भरल्या, अशी हकिगत सांगतात. वरून पाण्याची धार सोडली आणि खालून वायू आत घेतला. हायड्रोजन क्लोराइडला पाण्याची विलक्षण ओढ असते. एक भांडे पाणी या वायूची काही शे भांडी सहज पिऊन टाकते. अडचण एवढीच की दोघांची गाठ नीट पडली पाहिजे. काटक्यांवरून पाणी पातळ पापुद्र्यासारखे पसरते आणि वर चढणाऱ्या वायूला ठिकठिकाणी भेटते. मनोऱ्याच्या माथ्यावर जवळजवळ निखळ हवा बाहेर पडते आणि तळाशी आम्लाचे पाणी जमते. पुढे काटक्यांच्या जागी कोक नावाचा भाजका कोळसा आला. आजच्या अद्ययावत कारखान्यातील स्क्रबर म्हणजे दुसरे तिसरे काही नसून गॉसेजचा हाच मनोरा. काटक्या जाऊन प्लास्टिकची कडी आली, एवढाच काय तो फरक.

उपाय स्वस्त होता आणि कुणाही गवंड्याला बांधता येण्याजोगा होता. तरीही तो सर्वांना सक्तीचा व्हायला सत्तावीस वर्षे लागली. काहींनी मनोरे बांधलेच नाहीत. ज्यांनी बांधले त्यांपैकी काहींनी पाणी पुरेसे सोडले नाही. अंधार पडल्यावर वायू गुपचूप सोडून दिला जातो, अशा तक्रारी त्या काळीही होत असत. सेंट हेलेन्सजवळच लॉर्ड डर्बी यांची वडिलार्जित जमीन होती. त्यांच्या पुढाकाराने १८६२ मध्ये उमराव सभेने चौकशी समिती नेमली आणि १८६३ मध्ये अल्कली कायदा संमत झाला. जमीनदाराची झाडे वाळली तेव्हा कुठे कायदा हलला, असे कुणी म्हटल्यास त्याचे तोंड धरता येणार नाही. कायद्याची अट एकच होती: निर्माण होणाऱ्या वायूपैकी शंभरांतील पंच्याण्णव भाग पकडलेच पाहिजेत.

पहिले निरीक्षक म्हणून रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. मँचेस्टरच्या पावसात आम्ल असते हे त्यांनी आधीच मोजून दाखवले होते. १८७२ मधील आपल्या ग्रंथात ‘आम्ल पाऊस’ हा शब्दप्रयोग त्यांनीच वापरला. हाताखाली अवघे चार साहाय्यक. या गृहस्थाने खटल्यांचा सपाटा लावला नाही. कारखान्यात जायचे, मनोऱ्यातून बाहेर पडणारी हवा रसायनातून खेचून घ्यायची, मोजमाप मालकापुढे ठेवायचे आणि पाणी कुठे कमी पडते ते समजावून सांगायचे, अशी त्यांची पद्धत. त्यांचे साहाय्यक आल्फ्रेड फ्लेचर यांनी धुराड्यातील हवेचा वेग मोजण्यासाठी ईथर भरलेले एक उपकरण सिद्ध केले, कारण वेग कळल्याखेरीज एकूण किती वायू सुटला याचा हिशेब लागत नाही. स्मिथ यांच्या मृत्यूनंतर १८८४ मध्ये हेच फ्लेचर मुख्य निरीक्षक झाले. मालकांशी इतके सलोख्याने वागणे बरे की वाईट, यावर तेव्हाही वाद होता. मला विचाराल तर त्यांची मोजण्याची निष्ठा मला त्यांच्या सलोख्याहून मोलाची वाटते. पंच्याण्णवाची अट कारखानदारांनी थोड्याच काळात पूर्ण केली. वर्षानुवर्षे अशक्य म्हणून सांगितले गेलेले काम कायदा होताच शक्य झाले. पुढे १८७४ च्या कायद्याने टक्केवारीच्या जोडीला बाहेर जाणाऱ्या हवेतील आम्लाच्या वजनाचीही मर्यादा घातली, आणि व्यवहारात शक्य असलेला उत्तमातला उत्तम उपाय योजण्याचे बंधन आणले.

येथपर्यंत ऐकल्यावर वाटावे की गोष्ट संपली. पण पकडलेला वायू गेला कुठे? मनोऱ्याच्या तळाशी आम्लाचे पाणी साचत होते. त्याला गिऱ्हाईक नव्हते. कारखान्यांनी ते ओढ्यांत सोडले. कायद्यात हवेचा उल्लेख होता, ओढ्याचा नव्हता. सँकी ओढ्याच्या काठी सोड्याच्या चिखलाचे डोंगर उभे होतेच. तेथील लोक त्याला ‘गॅलिगू’ म्हणत. आम्ल त्या गंधकयुक्त चिखलाला भिडले की सडक्या अंड्यांच्या वासाचा, अधिकच विषारी असा हायड्रोजन सल्फाइड सुटे. एक वायू घालवण्यासाठी केलेल्या खटपटीतून दुसरा उपजला. ‘काढून टाकणे’ हे क्रियापद आपण फार सैलपणे वापरतो. घरातला केर आपण अंगणाबाहेर काढतो, तो शेजाऱ्याच्या बावखलात जातो. वस्तू नाहीशी होत नाही, जागा बदलते.

काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात मी लिव्हरपूल परिसरातील एका धर्मग्रामात तेथील धर्मगुरूंच्या सुटीच्या काळात सेवेसाठी गेलो होतो. तेथील एका वृद्ध गृहस्थांनी मला विडनेस येथे स्पाइक आयलंड नावाच्या ठिकाणी नेले. मर्सी नदीचे विशाल पात्र, सँकी कालव्याचे शेवटचे दार, गवत, बदके आणि बाबागाड्या ढकलणाऱ्या आया. १८४७ च्या सुमारास जॉन हचिन्सन याने विडनेसमधील पहिला रासायनिक कारखाना येथेच घातला होता. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही जागा साफ करून तिचे उद्यान करण्यात आले. गृहस्थ काठीने जमीन टोकरून म्हणाले, गवताखाली अजूनही गॅलिगू आहे, खणू नका. त्यांच्या आजोबांचे वडील आयर्लंडमधील दुष्काळानंतर पोटासाठी येथे आले होते आणि ब्लीचिंग पावडर भरण्याच्या कामावर होते.

हे पावडर भरण्याचे काम काय होते ते सांगण्यासाठी कथेकडे पुन्हा वळले पाहिजे. नको असलेल्या आम्लातून क्लोरीन वायू काढता येतो, हे रसायनशास्त्रज्ञांना पूर्वीपासून माहीत होते. पण ती रीत महाग होती. वॉल्टर वेल्डन नावाच्या माणसाने, जो पेशाने पत्रकार होता, १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती स्वस्त केली. त्याच सुमारास विडनेसचे हेन्री डीकन यांनी, फर्डिनांड हर्टर या स्विस रसायनशास्त्रज्ञाच्या साहाय्याने, दुसरा मार्ग काढला. तांब्याच्या क्षाराचा लेप दिलेल्या तापल्या विटांवरून हायड्रोजन क्लोराइड आणि हवा एकत्र नेली की क्लोरीन सुटा होतो. हा क्लोरीन विझवलेल्या चुन्यात मुरवला की ब्लीचिंग पावडर तयार. इंग्लंडमध्ये कागदावरील कर १८६१ मध्ये उठला होता. कागदाच्या आणि कापडाच्या गिरण्यांना ही पावडर कितीही मिळाली तरी हवीच होती. आता कालचा कचरा आजचा माल झाला. पुढे बेल्जियमच्या एर्नेस्ट सॉल्वे यांची सोडा करण्याची अधिक स्वच्छ आणि स्वस्त रीत आली तेव्हा लब्लाँच्या रीतीने चालणारे जुने कारखाने काही दशके तगून राहिले ते सोड्यावर नव्हे. ज्या वायूला ते पूर्वी हवेत उधळून देत होते, त्याच्या पावडरीवर ते जगले.

आणि ती पावडर भरणारे कोण? क्लोरीनने भरलेल्या बंद खोलीतून वायू शक्य तितका काढून घेतला की कामगार आत शिरत आणि फावड्याने पावडर पिंपांत भरत. तोंडावर ओल्या फ्लॅनेलच्या अनेक पट्ट्या घट्ट आवळलेल्या. श्वास तोंडाने आत घ्यायचा आणि नाकाने बाहेर सोडायचा, चूक झाली तर जागीच गुदमरायचे. डोळ्यांवर चष्मे, कातडीवर चरबी चोपडलेली. मिठाच्या भट्टीवरील कामगारांचे दात आम्लाच्या वाफांनी झिजून काळे पडत. यांत आयर्लंडहून आलेले बरेच जण होते, म्हणजे आपल्याच पंथाचे, रविवारी मिस्साला येऊन मागच्या बाकांवर बसणारे. लॉर्ड डर्बींची झाडे हिरवी झाली होती. खोलीच्या आतील हवेविषयी १८६३ च्या कायद्यात एक शब्दही नव्हता.

हे सर्व आपल्याला कशासाठी, असे वाचक विचारतील. आपल्या धर्मग्रामांतील किती मुले रासायनिक कारखान्यांत पाळीवर जातात, याची गणना कुणी केलेली नाही. परंतु धर्मगुरू म्हणून मी घरभेटींना जातो तेव्हा दर चार-पाच घरांमागे एक तरी ‘नाइट करून झोपलेला’ मुलगा भेटतो. वडिलांची वाडी होती, आजोबांचे पानमळे होते. आता बारावी किंवा आय.टी.आय. झाले की औद्योगिक वसाहतीतील कंत्राटदाराकडे नाव नोंदवायचे. त्यांतल्या काहींच्या हाती गॉसेजचा मनोरा असतो. त्यांनी मला तो उलगडून सांगितला आहे. पहिल्या मनोऱ्यात पाणी, दुसऱ्यात कॉस्टिक सोड्याचे द्रावण. खाली टाकी, टाकीतून पंप ते द्रावण पुन्हा पुन्हा वर नेतो, ब्लोअर वायू खेचून घेतो, आणि द्रावण किती अल्कधर्मी उरले आहे ते पीएचच्या आकड्यावरून कळते. आकडा उतरू लागला की नवे कॉस्टिक घालायचे. दर तासाला तो आकडा लॉगशीटवर लिहायचा. सगळेच वायू इतके शहाणे नसतात. नायट्रिक आम्लाच्या कामातून निघणारा तपकिरी धूर पाण्याला सहजासहजी वश होत नाही, त्याला आणखी पायऱ्या लागतात. कड्यांवर क्षार साचून मनोरा चोंदला की पाणी एका बाजूने वाहते आणि वायू दुसऱ्या बाजूने निसटतो.

या हिशेबातील एक गोष्ट मला फार विचार करायला लावते. साडेछत्तीस किलो हायड्रोजन क्लोराइड मारायला चाळीस किलो कॉस्टिक लागते, आणि शेवटी उरते साडेअठ्ठावन्न किलो साधे मीठ आणि अठरा किलो पाणी. लब्लाँने ज्या मिठापासून आरंभ केला, तेच मीठ. कॉस्टिकही मिठाच्या पाण्यातून वीज खेळवूनच तयार होते. म्हणजे मीठ फोडायचे, त्यातून हवे ते घ्यायचे, आणि उरलेल्याचे पुन्हा मीठ करून सांडपाण्यात सोडायचे. या फेऱ्यात खर्च होतो तो विजेचा आणि कॉस्टिकचा, आणि मालाच्या किमतीत तो कुठेच दिसत नाही. पंप चालू असला काय किंवा बंद असला काय, पिंपात भरला जाणारा माल तोच. म्हणूनच खर्च वाचवायचा झाला की प्रथम नजर या पंपाकडे जाते.

भोपाळ विसरण्याइतके आपण लांब आलेलो नाही. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे चाळीस टन मिथिल आयसोसायनेट सुटले, तेव्हा मी शाळेत होतो. त्या कारखान्यात कॉस्टिकचा स्क्रबर होता, वायू जाळून टाकणारी ज्योत होती, टाकी थंड ठेवणारी यंत्रणाही होती. शीतयंत्रणा काही महिन्यांपूर्वीच बंद करण्यात आली होती. ज्योतीकडे जाणाऱ्या नळाचा तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला होता. स्क्रबर राखीव अवस्थेत ठेवलेला होता, आणि तो चालू असता तरी एवढ्या लोंढ्याला पुरणारा नव्हता. हवेच्या प्रदूषणाचा कायदा देशात १९८१ पासून होताच. पर्यावरण संरक्षणाचा व्यापक कायदा १९८६ मध्ये, त्या रात्रीनंतर आला. २०१४ पासून मोठ्या प्रदूषणकारी उद्योगांना धुराड्यावर स्वयंचलित मापक बसवून आकडे थेट मंडळाकडे पाठवण्याचे आदेश आहेत. हे चांगले झाले. लहान कारखान्यांत मात्र लॉगशीट अद्याप हातानेच भरली जाते, आणि पेन ज्याच्या हाती असते तो कारखान्यातील सर्वांत कमी पगाराचा माणूस असतो.

असा एक मुलगा आमच्या धर्मग्रामात आहे. पुढील हकिगत पापनिवेदनात ऐकलेली नाही. त्याने ती माझ्या ओटीवर बसून सांगितली आणि लिहिण्यास संमती दिली आहे. त्याचे नाव, त्याच्या कारखान्याचे नाव आणि वसाहतीचे नाव मी देणार नाही. रंगद्रव्यासाठी लागणारे एक रसायन तेथे करतात. त्यातून हायड्रोजन क्लोराइड आणि सल्फर डायऑक्साइड हे दोन्ही वायू सुटतात. रात्री एकनंतर पर्यवेक्षक त्याला दुसऱ्या मनोऱ्याचा पंप बंद करायला सांगत आणि शीटवर पीएच नऊ लिहायला सांगत. सकाळी सहाला पंप सुरू.

‘‘फादर, एक विचारू?’’ तो म्हणाला. ‘‘पंप मी बंद करतो तो साहेबांच्या सांगण्यावरून. पण आकडा मी लिहितो. खोटा आकडा लिहिणे हे पाप आहे का?’’

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला दुष्कृत्यातील सहभागाचे प्रकार शिकवत. जुन्या ग्रंथांत एका नोकराचे उदाहरण येते: धनी वाईट हेतूने खिडकीतून चढतो आहे आणि नोकर भीतीपोटी त्याला खांदा देतो, नोकराचा दोष किती? १६७९ मध्ये रोमने या बाबतीतील एक फाजील सैल मत निषिद्ध ठरवले, आणि पुढे संत आल्फोन्सस लिगोरी यांनीही या नोकराचा ऊहापोह केला. परीक्षेसाठी आम्ही हा नोकर पाठ करून टाकला होता. माझ्या ओटीवर तो प्रथमच प्रत्यक्ष येऊन बसला. याला दोन वर्षांची मुलगी आहे, घराच्या डागडुजीसाठी पतपेढीचे कर्ज आहे, आणि कंत्राटदार त्याला एका फोनवर घरी बसवू शकतो. मी त्याला म्हटले, ‘‘पंपाचे ओझे तुझ्या एकट्याच्या शिरावर नाही. आकडा मात्र तुझ्या हातचा आहे. जे खरे आहे तेवढेच लिही. लिहिणे अशक्य असेल तर जागा कोरी सोड.’’ यावर तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘कोरी जागा त्यांना खोट्या आकड्यापेक्षा जास्त टोचेल.’’

तसेच झाले. त्याने तीन रात्री एक ते सहाचे रकाने मोकळे सोडले. चौथ्या रात्री पर्यवेक्षकांनी स्वतःच्या पेनाने ते भरले आणि पाचव्या दिवशी त्याची बदली पॅकिंगला झाली. तेथे रात्रपाळी नाही, म्हणून रात्रपाळीचा भत्ताही नाही. त्याची आई मिस्सानंतर मला थांबवून म्हणाली, ‘‘फादर, तुम्ही त्याला काय सांगितलंत?’’ मी सांगितले. त्यावर ती माउली काही बोलली नाही. तिने फक्त महिन्याचा फरक किती ते मला रुपयांत सांगितले. त्या आकड्यापुढे माझे नीतिशास्त्र मला फार हलके वाटले. तरी सल्ला बदलावा असे मला आजही वाटत नाही.

आणखी एक तपशील लपवणे योग्य होणार नाही. त्या कारखान्याच्या मालकांनी गेल्या वर्षी आमच्या महिला मंडळाला शिवणयंत्रे दिली आहेत आणि येत्या सणाच्या रोषणाईचा खर्चही देऊ केला आहे. धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत मी हा विषय, कुणाचेही नाव न घेता, मांडला. काहींचे म्हणणे पडले की वसाहत नसती तर अर्धा गाव आखातात गेला असता. ते खोटे नाही. एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या की पहाटे तीनच्या सुमारास वारा तिकडून आला की त्यांच्या नातवाला खोकल्याची उबळ येते आणि त्या उठून खिडक्या लावतात. तेही खोटे नाही. रोषणाईचा खर्च यंदा आपणच वर्गणीतून करावा, एवढ्यावर बैठकीत एकमत झाले.

मुलाच्या जागी आता परप्रांतातून आलेला एक तरुण त्या मनोऱ्यावर आहे. तो आमच्या वाडीतच भाड्याच्या खोलीत राहतो, त्याला मराठी नीट येत नाही, आणि रकाने भरलेले असतात एवढेच पॅकिंगमधून कळते. मी मालकांची भेट मागितली आहे आणि त्यांनी पुढील आठवड्यातील एक दिवस दिला आहे. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तोवर ती होऊन गेलेली असेल. मुलगा बरोबर येणार नाही, असे आमचे ठरले आहे. मी जाताना कोरी लॉगशीट नेणार आहे. त्याने ती मला एकदा पीएच म्हणजे काय ते समजावण्यासाठी आणून दिली होती.